मोज्यातल्या दोन बाटल्या

सर पायात कधी मोजे घालत नसत. पावसाळा असो की हिवाळा, त्यांच्या पायात एकच टायरच्या तळाची चप्पल असायची. पण त्यांच्या कापडी पिशवीत मात्र काळ्या मोज्यांचा एक जोड नेहमी असायचा आणि प्रत्येक मोज्यात एक बाटली. बाटलीत निळं पाणी.

म्हसावदच्या बसमध्ये चढले की सर मागे बसायला जागा असली तरी पुढेच जायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावरचं झाकण असतं, त्यावर एक बाटली ठेवायची. दुसरी मांडीवर धरायची, अगदी हलू न देता, लहान बाळ झोपलेलं असावं तशी. नवीन कंडक्टर असला की हमखास विचारायचा.

"सर, मोजामा काय शे? दारू ते नही ना?"

"दारू व्हती ते मी हालतू भो, बाटली कसाले हालाडतू?"

सगळी बस हसायची. सर हसायचे नाहीत. ते मांडीवरच्या बाटलीकडे बघत असायचे, कारण खड्डा आला की त्यांना मांडी उचलून धरावी लागे.

मी त्यांची विद्यार्थिनी होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेजात काय असतं, शिक्षक कसे असतात, याची मला काहीच कल्पना नव्हती. बाकीच्या मुली म्हणायच्या की सर विचित्र आहेत. मला वाटायचं, कॉलेजातले सगळेच असे असतील. पुढे कळलं की तसं नसतं. मला हे सगळं नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही, पण सरांविषयी कुणीतरी लिहायला हवं असं मला फार दिवस वाटत होतं.

आमचं गाव वर, सातपुड्यात. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले आणि अहिराणी बाजारात. वर्गात शुद्ध मराठीत बोलायचं म्हटलं की माझा आवाज घशातच राहायचा. सर रसायनशास्त्र शिकवायचे ते अहिराणीत. फळ्यावर लिहायचं मराठीत, तोंडाने बोलायचं अहिराणीत. रागावले की मात्र ते एकदम शुद्ध मराठी बोलत. "आपण कृपया वर्गाबाहेर जावे," असं सर म्हणाले की मागच्या बाकावरची मुलं खरोखर घाबरून निघून जायची.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला उभं केलं होतं. मी उत्तर दिलं, पण ते मलाच ऐकू आलं.

"ए माय, तू काय बोली ऱ्हायनी ते माले ऐकू येत नही. सकाळले भाकर खादी का नही?"

"खाल्ली सर."

"मंग पोट भरीसन बोल ना. चुकनं ते चुकनं. चूक बी मोठ्याने कराले पाहिजे, मंगच कोनी दुरुस्त करस."

मी पुन्हा बोलले. उत्तर बरोबर निघालं. सरांनी शर्टाच्या खिशातून गॅस पेटवायचा लायटर काढला आणि टिक करून वाजवला. बरोबर उत्तराला सर असा लायटर वाजवत. शाबासकी वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

तो लायटर एकदा त्यांनी वर्गात उघडून दाखवला. आत एक बोटाच्या पेराएवढा पांढरा खडा होता, चिनी मातीच्या कपाच्या तुकड्यासारखा. सर म्हणाले, या खड्यावर हातोडी बसली की त्याच्या एका तोंडाला एक वीज येते, दुसऱ्या तोंडाला दुसरी, आणि मधे ठिणगी पडते. याला सेल लागत नाही, वायर लागत नाही. फक्त दाब लागतो. आमच्या घरी चूल होती, त्यामुळे लायटर मी हातात धरला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

सरांचं सगळं वेड या खड्यातून निघालं होतं. तशाच जातीच्या मातीची, बेरियम टायटनेटची, ते बारीक पूड करायचे. ती पूड रंगाच्या पाण्यात टाकून पाणी हालवलं की दाण्यादाण्यावर थोडी थोडी वीज येते आणि ती वीज पाण्यातला रंग तोडते. रंग तुटला की पाणी फिकं होतं. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत त्यासाठी यंत्रं असतात. आमच्याकडे नव्हती. म्हणून सर बस वापरायचे. त्यांचं म्हणणं असं की जगात इतकं हालणं फुकट चाललंय, ते आपण का वाया घालवावं? बसचं इंजिन हालतं, गिरणी हालते, ट्रक गेला की मोरी हालते. एकदा ते अक्कलकुव्याला हायवेच्या मोरीखाली बाटली बांधून आले होते. दुसऱ्या दिवशी ती कुणीतरी नेली. सरांना बाटलीचं दुःख नव्हतं. "आत रंग शे हाई त्याले माहीत नही, पी जाई बिचारा," म्हणून ते तीन दिवस अस्वस्थ होते. नंतर प्रत्येक बाटलीवर ते कवटीचं चित्र काढायला लागले.

मोजे होते ते उन्हासाठी. उन्हानेही रंग उडतो, आणि सरांना उन्हाचं श्रेय पुडीला द्यायचं नव्हतं. आणि बाटल्या दोन होत्या कारण सरांचा नियम होता, एक हालती, एक बसती. दोन्हींत सारखं पाणी, सारखा रंग, सारखी पूड. एक इंजिनावर, एक मांडीवर. हालतीचं पाणी फिकं झालं आणि बसतीचं झालं नाही, तरच ते काम हालण्याचं. "बसती जे सांगस तेच खरं," सर म्हणायचे. "हालतीले काय, ती आपले खूश कराले बठेलच शे."

म्हसावदला त्यांच्या घराशेजारी पिठाची गिरणी होती. गिरणीवाले आप्पा सरांचे बालमित्र. गिरणीच्या लोखंडी पायाला सरांनी तारेचं कडं बसवलं होतं, त्यात हालती बाटली लटकायची. बसती समोरच्या ओट्यावर.

"मास्तर, तुमनी बाटली फुटी गयी आन पीठ निळं व्हयनं ते गिऱ्हाईक माले मारतीन," आप्पा म्हणायचे.

"निळी भाकर कोनी खादेल शे का आजवर? तुन्हं नाव व्हई."

वीस-बावीस वर्षं हे चाललं होतं. पुडीत चांदी मिसळून बघितली, जास्त दळून बघितली, कमी भाजून बघितली. दर वेळी हालती आणि बसती यांत फरक पडायचा तो एवढासा. सर वहीत लिहायचे, "फरक थोडा." त्या वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात होत्या. मी वाचल्या आहेत. पानंच्या पानं "फरक थोडा".

मी तिसऱ्या वर्षाला गेले तेव्हा सरांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागची एक खोली. ती नंतर परीक्षा विभागाला द्यायचं ठरत होतं, उत्तरपत्रिकांची कपाटं ठेवायला. प्राचार्यांनी सरांना एवढंच सांगितलं होतं की विद्यापीठाच्या परिषदेत तुमच्या प्रकल्पाला बक्षीस मिळालं तर खोली राहील, पुढच्या मुलांना वापरता येईल. हे मला सरांनी सांगितलं नाही. खोलीतल्या नानांनी सांगितलं. नाना म्हणजे प्रयोगशाळेतले शिपाई. सरांबरोबर वीस-बावीस वर्षं होते आणि सरांना टोमणे मारण्याचा अधिकार कॉलेजात फक्त त्यांना होता.

"सर, आवरा आते. रंग बी म्हातारा व्हयना तुमना संगे," नाना म्हणायचे.

सर म्हणायचे, "तो म्हातारा व्हवाले पाहिजे म्हनीसनच हाई चालू शे."

गावाबाहेर एक कापड रंगवायची शेड होती. तिचं पाणी नाल्यात यायचं. कधी गुलाबी, कधी निळं. नाल्याच्या खालच्या बाजूला वस्ती होती. सर तिथून दर सोमवारी पाणी भरून आणायचे. वस्तीतल्या बाया त्यांना विचारायच्या, "सर, कवय साफ व्हई?" सर मान खाली घालून म्हणायचे, "करी ऱ्हायनू माय." मला ते बघवत नसे.

प्रकल्पासाठी त्यांनी मलाच का घेतलं ते मी कधी विचारलं नाही. पण एक दिवस मी भीत भीत एक गोष्ट बोलून बसले. माझे आईबाबा दिवाळीनंतर कधी कळसाडीकडे ऊसतोडीला जायचे, कधी गुजरातेत वीटभट्टीवर. लहानपणी मी भट्टीवर पाहिलं होतं की विटेच्या मातीत भुसा मिसळतात. भाजताना भुसा जळून जातो आणि विटेत बारीक भोकं राहतात. वीट हलकी होते. मी म्हटलं, "सर, आपल्या मातीत असं काही मिसळलं तर? भोकं पडली तर पाणी आतपर्यंत जाईल."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शुद्ध मराठी येणार. पण लायटर वाजला. एकदा नाही, तीनदा.

भुसा जाडा होता. मग मी घरून धावड्याचा डिंक आणला. आमच्याकडे तो जंगलातून गोळा करतात. डिंक पाण्यात विरघळवून पुडीत मळला, त्याच्या वड्या केल्या, वाळवल्या आणि भट्टीत ठेवल्या. प्रयोगशाळेतली आमची विजेची भट्टी जुनी. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडायचं आणि तापमानाचा काटा वर चढायचाच नाही. त्या दिवशीही तो खालीच राहिला. वड्या बाहेर काढल्या तर पांढऱ्या नव्हत्या, बाजरीच्या पिठासारख्या करड्या होत्या.

मी घाबरले. सर मात्र खूश झाले. त्यांनी सांगितलं की या मातीतला थोडा ऑक्सिजन निघून गेला तरी ती अशी करडी होते, आणि तशी माती जास्त चांगलं काम करते असं त्यांनी वाचलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. खरं तर त्यांना ठेवायचा होता. मलाही.

करडी पूड हालत्या बाटलीत टाकून मी गिरणीवर नेली. आप्पांचं दोन पायली ज्वारीचं दळण होईपर्यंत पाणी स्वच्छ. अगदी विहिरीसारखं. बसती बाटली निळीच्या निळी. सरांनी मोजा काढून पाहिलं, परत घातला, परत काढला. त्यांच्या चष्म्यावर पीठ बसलं होतं, त्यांनी पुसलं नाही. आप्पा गिरणी बंद करून आले. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्यासाठी गिरणी बंद केली असेल.

"मास्तर," आप्पा म्हणाले, "गया ना हो रंग."

सरांनी वही काढून वेळ लिहिली. तीन वेळा प्रयोग परत केला, तिन्ही वेळा तसंच. कॉलेजातल्या रंगमापकानेही तेच सांगितलं. परिषदेला पोस्टर पाठवलं. निवड झाल्याचं पत्र आलं. पोस्टरवर सरांनी माझं नाव आधी लिहिलं, स्वतःचं नंतर. मी ते फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "छापलेलं आहे की हाताने लिहिलेलं?" छापलेलं आहे म्हटल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत.

परिषद गुरुवारी होती. त्याआधीच्या शनिवारी मी घाईत एक बाटली तशीच कपाटात ठेवून वसतिगृहावर गेले. आत रंग होता आणि करडी पूड होती. पाचव्या वेळेसाठी भरली होती, पण गिरणीवर न्यायची राहिली. सोमवारी मोजा काढला तर पाणी स्वच्छ. दोन दिवस त्या बाटलीला कुणी हातही लावला नव्हता.

मी तिथेच स्टुलावर बसले. मला लगेच कळलं. खूप वेळाने कळलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

चूक अशी होती. करडी पूड एका वेळी चमचाभरच निघायची, आणि तेवढ्यासाठी चार दिवस लागायचे. बसत्या बाटलीला काहीच करायचं नसतं, नुसतं बसायचं असतं. जे बसून राहणार त्याला एवढी मेहनतीची पूड कशाला, असं मला वाटलं. आमच्या घरी चांगलं बी वेगळं ठेवतात, ते कधी वाया जाऊ देत नाहीत. मी वजन बरोबर घेतलं होतं, पण बसतीत जुनी पांढरी पूड टाकत होते. चारही वेळा. सरांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कारण मला ती चूक वाटतच नव्हती. उलट काटकसर वाटत होती.

आणि करडा रंग ऑक्सिजन गेल्याचा नव्हता. डिंक पुरता जळला नव्हता, त्याचा कोळसा पुडीत राहिला होता. कोळसा रंग शोषून घेतो. हालवा, न हालवा.

सोमवार मी गप्प राहिले. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. नाना पोस्टर गुंडाळून त्याला वर्तमानपत्र लावत होते, सर परिषदेसाठी शर्टाला इस्त्री करून आणणार होते, आणि मी गप्प राहिले. मला खोली दिसत होती, वस्तीतल्या बाया दिसत होत्या, आणि बाबांचं ते न बोलणं ऐकू येत होतं. मी सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं.

मंगळवारी दुपारी मी ती बाटली सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पोट भरून नाही, पण ऐकू जाईल इतकं.

सरांनी बाटली उजेडात धरली. खालची पूड पाहिली. मग ती टेबलावर ठेवून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. 

नानाच बोलले. "पन सर, पानी साफ व्हयनं ना? कोळसानं व्हवो का विजेनं व्हवो. बायास्ले काय करनं शे? कसाले रडी ऱ्हायनात?"

सर वळले. त्यांनी टेबल पुसायचं फडकं उचललं. "नाना, हाई फडकं. टेबल साफ व्हयना, बरोबर? मळ कोठे गया?"

"फडकामा."

"फडकं कोठे धुशी?"

नानांनी फडकं हातात घेतलं.

"नाल्यामाच ना? कोळसा भरी जास नाना. मंग तो काढा, फेका. फेकशी कोठे? रंग गया नही, लपना. माले तो तोडना व्हता."

मी म्हटलं, "सर, पोस्टरवरून माझं नाव काढा. चूक माझी आहे."

"भट्टीना काटा मी देखा नही का? करडं देखीसन खूश कोन व्हयनं? मी." ते थोडे थांबले. "तू आधी बसतीमा काय टाकं ते इचारनं मन्हं काम व्हतं. बावीस वरीस इचारं. याच टायमाले इचारं नही. आवडी गयं ना माले पानी."

परिषदेला आम्ही गेलो. सर म्हणाले की निवड झाली आहे तर जायचं, पण जे आहे ते सांगायचं. पोस्टरवरच्या आलेखावर त्यांनी स्वतः जाड पेनाने फुली मारली आणि बाजूला लिहिलं, "तुलनेतील चूक. विद्यार्थिनी सांगेल." मला वाटलं होतं ते बोलतील. परीक्षक आमच्या पोस्टरपाशी आले तेव्हा सर पाणी प्यायला गेले.

परीक्षक तिघे होते. सगळे शुद्ध मराठी बोलणारे. मी त्यांना डिंक सांगितला, भट्टी सांगितली, बसती बाटली सांगितली. मधे दोनदा अडखळले. त्यातल्या एका मॅडमनी विचारलं, "म्हणजे तुमचा निष्कर्ष काय?"

"अजून नाही मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पोस्टरकडे गेल्या. आम्हाला काही मिळालं नाही. खोली परीक्षा विभागाला द्यायचं त्या आठवड्यात नक्की झालं. प्राचार्य वाईट वागले नाहीत. सत्र संपेपर्यंत खोली वापरा म्हणाले.

सत्र संपायला तीन आठवडे होते. आम्ही डिंकाच्या नव्या वड्या केल्या. शेतातल्या मोटारी बंद असतात त्या वेळा नानांनी गावात फिरून विचारून घेतल्या आणि भट्टी त्या वेळात लावली. काटा चढला. नाना स्टूल घेऊन काट्यासमोर बसले, जेवायलाही उठले नाहीत. वड्या पांढऱ्या निघाल्या, दुधासारख्या. फोडून पाहिलं तर भिंगाखाली बारीक भोकं दिसत होती. पूड एकूण दोन चमचे झाली. एक चमचा मी हालतीत टाकला, एक बसतीत, सरांच्या डोळ्यांसमोर.

त्या दिवशी गिरणी सकाळपासून चालू होती. लग्नसराई, दळणाला रांग. संध्याकाळी पाच वाजता सरांनी दोन्ही मोजे काढले, हालतीच्या तळाला मी खूण केली होती; कोणती कुठली हे आम्हालाही कळू नये म्हणून त्यांनी बाटल्यांची पाठीमागे हातांत अदलाबदल केली आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

दोन्ही निळ्या. मला फरक दिसला नाही, आणि रंगमापक कॉलेजात कुलपात होता. सरांनाही दिसला नाही, किंवा दिसला तरी त्यांनी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. आप्पांकडे त्यांनी बघितलंच नाही. म्हणाले, तो दोस्त आहे, तो माझ्यासाठी खोटं बोलेल. रांगेत ज्वारीचा डबा घेऊन एक म्हातारी बसली होती. तिला आमचं काही माहीत नव्हतं.

"माय," सर तिला म्हणाले, "हाई दोन पानीस्मा कोनतं फिक्कं शे?"

म्हातारीने डबा खाली ठेवला. डोळ्यांवर हात धरला. एक बाटली बघितली, दुसरी बघितली, मग परत पहिली.

"हाई," ती म्हणाली. "जरासंच."

सरांनी ती बाटली उचलून उलटी केली. तळाची खूण मला दाखवली. हालती होती.

त्यांनी रांगेतल्या आणखी चौघांना विचारलं, दर वेळी बाटल्या अदलून बदलून. तिघांनी तीच दाखवली. एकाने सांगितलं की मला दोन्ही सारख्याच दिसतात. सर त्याला म्हणाले, "तुन्हं बी लिखी घेस," आणि मला खरोखर लिहायला लावलं.

म्हातारी अजून बाटल्यांकडे बघत होती. "पन भाऊ," ती म्हणाली, "दोन्ही पेवाना कामनं नही ना हाई पानी?"

"नही माय," सर म्हणाले. "आजून नही."

मी वही उघडली. खोली जाणार होती, पण मला तेव्हा ते आठवलं नाही. मला खूप काही लिहायचं होतं. डिंकाविषयी, भोकांविषयी, काम झालं हे. सर माझ्या खांद्यावरून वहीकडे बघत होते. मी लिहिलं, "फरक थोडा. हालवल्यामुळे."

"बस," सर म्हणाले. "यान्हा पुढे एक बी अक्षर नको." आणि ओल्या शाईला चिकटू नये म्हणून त्यांनी वहीवरचं पीठ फुंकून टाकलं.